हिंगाची धुरी आणि भोपळ्याची बिअर

बाबा,

मी बिअर केली. भोपळ्याची, मसाला घालून. या वाक्याआधी मी दोन-तीन वेगळी वाक्यं लिहून पाहिली, इथल्या थंडीबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, पण ती सगळी हे वाक्य पुढे ढकलण्यासाठीच होती, म्हणून खोडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझं वय तुमच्या वयाच्या जवळ यायला लागलंय. तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी मनातल्या मनात आधी सरळ उभी राहते. रोजची डायरी मी लिहितेच, आणि हे सगळं तिच्यात लिहूनही झालंय. पण तिथे ते नुसतं घडलेलं वाटतं. सांगितल्यासारखं वाटत नाही.

साताऱ्याला मंडईतून घरी येताना कोपऱ्यावर ते परमिट रूम होतं. हिरवा पडदा, आत पिवळा दिवा. त्याच्या अलीकडे आलं की तुम्ही माझा हात धरायचात आणि आपण रस्ता ओलांडायचो. पलीकडे धड चालायला जागासुद्धा नव्हती, उघडं गटार होतं. तुम्ही भाजीची पिशवी वर उचलून धरायचात आणि मी तुमच्या मागून तोल सांभाळत यायची. ते दुकान मागे पडलं की पुन्हा अलीकडे. तुम्ही कधी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. बिअर ही रस्त्याच्या त्या बाजूची गोष्ट, आपण या बाजूचे. लग्नानंतर मी मिल्टन कीन्सला आले, नोकरीला लागले, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत अर्धा ग्लास घ्यायला शिकले, पण पहिल्या घोटाआधी मला अजून पायाखाली ते गटार जाणवतं. आणि अशा तुमच्या मुलीने यंदाच्या सप्टेंबरअखेरीस स्वतःच्या स्वयंपाकघरात, घारग्यांचा मसाला घालून, दोन मोठे बुधले भरून बिअर लावली. कशी, ते सांगते.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, ऐंशीला आलेले. आमची अलॉटमेंटही शेजारी-शेजारीच आहे. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला करायला कौन्सिल भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. घरापासून रेडवेने, म्हणजे इथल्या तांबड्या पायवाटेने, चालत गेलं की दोन अंडरपास ओलांडून लागतो. त्यांची बायको गेल्या हिवाळ्यात गेली. बाई मोठी हौशी होती. मी पहिल्यांदा मेथी लावली तेव्हा तण समजून तिनेच ती उपटून टाकली होती, आणि कळल्यावर दुसऱ्या दिवशी माफी म्हणून केक घेऊन आली होती. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी दुपारी सगळे अलॉटमेंटवाले एकत्र जेवतात, ज्याने जे पिकवलं त्याचं काहीतरी करून आणायचं, आणि भोपळ्याची बिअर ही तिची. तिच्या बिअरशिवाय ते जेवण कुणी पाहिलेलं नव्हतं. यंदा माझ्या वेलांना भोपळे वेड्यासारखे लागले. एका सकाळी पाहते तर हे गृहस्थ एकचाकी ढकलगाडीत काचेचे दोन मोठे बुधले घालून कुंपणाशी उभे.

"तुझ्याकडे भोपळे आहेत," ते म्हणाले, "माझ्याकडे हे आहेत."

"पण मला बिअर करता येत नाही."

"मलाही नाही. मी फक्त उचलायचो. ती म्हणायची उचल, की मी उचलायचो. ती म्हणायची ठेव, की ठेवायचो."

मग बुधल्याच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसत म्हणाले, "तिची बिअर टेबलावर नसेल तर मी त्या जेवणाला जाणार नाही. आणि मी गेलो नाही तर ते सगळे आपापल्या डिश घेऊन माझ्या दारात येतील. ते मला झेपणार नाही."

ते हसत म्हणाले खरं, पण हिवाळ्यापासून हा माणूस अलॉटमेंट सोडून कुठेच गेलेला नव्हता, हे मला माहीत होतं. दर शुक्रवारचं पबमधलं क्विझ बंद, लायब्ररी बंद. यंदा त्या टेबलाशी आले नाहीत तर पुढच्या वर्षी तर नाहीतच. म्हणजे मला आलं ते काम बिअरचं नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतेस, तुझं बिअरमध्ये काय चुकणार?" हे वाक्य मी डायरीत उतरवून ठेवलंय.

आई ऑगस्टपासून माझ्याकडे आहे. तिला सांगायला मी दोन दिवस घेतले. ती टेबलाशी गवार मोडत बसली होती. म्हणाली, "एवढं शिकलीस, दारू गाळायचीच राहिली होती."

"गाळायची नाही आई, आंबवायची."

"इडलीच्या पिठासारखी?"

"तशीच."

"मग तसं बोल ना," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून कारभार तिने ताब्यात घेतला.

पहिली अडचण भोपळा चिरण्याची आली. मी सुरी घेतली तर आईने मनगट धरलं. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. मी विसरलेच होते, बाबा. ऑफिसला निघायच्या आधी, बुटाचे बंद बांधायच्या आधी, तुम्ही स्वयंपाकघरात येऊन भोपळ्याला एक चीर पाडून जायचात, आणि मग पुढचं सगळं आई करायची. मी इथे इतकी वर्षं सुपरमार्केटमधले कापलेले तुकडे आणते, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. नवरा ऑफिसला गेलेला. मी म्हटलं, आई, हे आता कोण पाळतं. ती म्हणाली, "पाळत नाही ना? मग चीर." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सुरी उचलली, ठेवली, परत उचलली. माझा विश्वास नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात काही खाली येईना. शेवटी कुंपणावरून हाक मारून शेजाऱ्यांना बोलावलं. आईने त्यांना तिच्या इंग्रजीत समजावलं, "मॅन फर्स्ट. देन लेडी." त्यांनी काहीही विचारलं नाही. हात धुतले, पावाची सुरी घेतली आणि चर्चमध्ये उभे राहावं तसे उभे राहून एकेका भोपळ्याला एकेक चीर पाडली. वर आईला विचारलं, "आणखी काही उचलायचंय?" ते गेल्यावर आई म्हणाली, "म्हातारा बरा आहे तुझा." ती स्वतः त्यांच्याहून चारेक वर्षांनीच लहान असेल.

मसाल्याचं मात्र त्यांना काही सांगता येईना. भोपळा ओव्हनमध्ये कडा काळपट होईतो भाजायचा, हे आठवत होतं, कारण घरभर वास सुटायचा. मोड आणून भाजलेलं सातू भरडून त्याबरोबर गरम पाण्यात भिजवायचं, कारण ते जड पातेलं त्यांनीच उचललेलं. पण मसाला? "एक तपकिरी पूड," ते म्हणाले. "एक छोट्या खिळ्यांसारखं काहीतरी. आणि एक ती किसायची, आणि किसताना दर वर्षी बोट कापून घ्यायची." खिळे म्हणजे लवंग, किसायचं म्हणजे जायफळ. पूड दालचिनीची असणार, की सुंठ? आई म्हणाली, "अगं, हे जवळजवळ घारग्यांचंच आहे. दोन्ही घाल, वर वेलची घाल." घारगे ती करायची पण मसाला तुम्ही कुटायचात, आणि कुटताना जायफळ कुणाला मोजू द्यायचा नाहीत. मी तुमच्या अंदाजाने काढून ठेवलं, म्हणजे मला वाटलं त्याहून थोडं कमी. साखरेच्या जागी आईने गूळ घातला, मला न विचारता. गाळायची वेळ आली तेव्हा मी चाळणी शोधत होते, तिने तिचं जुनं मलमलचं पातळ फाडलं आणि म्हणाली, "चक्का टांगतात तसं टांग. आणि पिळू नकोस, गढूळ होईल." नळाला भोपळ्याचं गाठोडं टांगलेलं, खाली पातेल्यात ठिबकणारं तपकिरी पाणी, आणि त्याला घारगे तळायच्या आधीच्या पिठाचा वास. मग हॉप्स नावाची कडू फुलं घालून ते उकळलं, मसाला शेवटी टाकला, निवत ठेवलं. आई दमून झोपायला गेली.

इथवर सगळं नीट होतं.

तुमचा लोणच्याचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मे महिना, रविवार. तुम्ही बनियन घालून, पंचा नेसून ओट्यापाशी उभे. लोणचं हे आपल्या घरात तुमचं खातं, आईने त्यात कधी हात घातला नाही. तुम्ही शेगडीतला निखारा चिमट्याने उचलून पळीत ठेवता. मी हिंगाची डबी धरून तुमच्या कोपराशी. तुम्ही हिंगाची चिमूट निखाऱ्यावर टाकता, पांढरा धूर उठतो, आणि तुम्ही धुऊन उन्हात वाळवलेली बरणी त्यावर उपडी धरता. त्या वेळात स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. मग बरणी उलटून, धूर आत आहे तोवर, फोडी भरायच्या. "आत काही उगवता कामा नये," तुम्ही दर वर्षी म्हणायचात. बरणीला वर कापडाचा दादरा बांधला की ती हलवायचं काम माझं. एका वर्षी मी रोज दादरा सोडून मुरलं का ते बघायला लागले, आणि तुम्ही मला पकडलंत. ओरडला नाहीत. दादरा पुन्हा बांधत म्हणालात, "सारखं उघडून बघितलं की मुरत नाही. माणसाकडेसुद्धा असं कुणी टक लावून बघत बसलं तर त्याचं काही धड होत नाही." दहावीचा निकाल लागला तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि तुम्ही मला चिनी मातीची छोटी बरणी दिलीत, पांढरी, वर तपकिरी गळा. तिच्यावर कागदाची पट्टी, ड्रॉइंगच्या अक्षरात, पाटबंधारे खात्यात नकाशांवर गावांची नावं लिहायचात त्या अक्षरात: आता तुझं तू. मी तेव्हा थोडी रुसले होते, हे तुम्हाला कळलं असणार. ती बरणी इथे माझ्या टेबलावर आहे. तिच्यात माझी पेनं असतात.

तर त्या दुपारी आईसाठी मागच्या अंगणात बार्बेक्यूवर कणसं भाजलेली होती आणि त्यात निखारे होते. बुधले मी पाकिटावर लिहिल्याबरहुकूम पावडरने निर्जंतुक केलेले होते, नुकत्याच निवलेल्या त्या तपकिरी पाण्यात यीस्ट घालून भरायचे बाकी. आणि मी आत गेले, फोडणीचा हिंग घेऊन आले, निखाऱ्यावर टाकला आणि दोन्ही बुधले एकेक करून त्यावर उपडे धरले. काचेच्या आत तो पांढरा धूर भरताना दिसला. बरणीत कधी दिसला नव्हता; आत तो असा गोल फिरतो हे मला पहिल्यांदा कळलं. मग मी लगेच, धूर आत आहे तोवर, बिअर भरली, वर बुडबुड्यांची नळी लावली, आणि हात पुसताना माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. लोणच्यात काही उगवू नये म्हणून धुरी देतात. बिअरमध्ये तर यीस्ट उगवायलाच हवं. शिवाय हिंग. त्या बाईंच्या बिअरमध्ये, त्यांच्याच बुधल्यांत, हिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत एकही बुडबुडा नव्हता. दुपारीही नाही. ऑफिसचं काम घरून होतं, मी दर मीटिंगनंतर जिन्याखालचं कपाट उघडून बघत होते. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुला काय सांगितलं होतं उघडून बघण्याबद्दल?" मी तिला धुरीचं सांगितलं. सवयीने हात गेला म्हटलं. "सवयीने," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलाकडे एकदा बघून पुन्हा शेंगा सोलायला लागली.

शेजाऱ्यांना सांगणं भागच होतं. नवीन लावायला वेळ उरला नव्हता, बाटल्यांत भरल्यावरही ती पंधरवडाभर मुरावी लागते. मी कुंपणाशी जाऊन सगळं सांगितलं, धुरी म्हणजे काय, हिंग म्हणजे काय, वास कसा, आणि हेसुद्धा की कदाचित सगळंच मेलं असेल. त्यांनी हिंगाची डबी मागितली, उघडली, हुंगली आणि हात लांब केला.

"हे तुम्ही खाता?"

"रोज."

"आणि बरण्यांना याचा धूर देता. मुद्दाम."

"आमचे वडील द्यायचे. सवयीने हात गेला."

त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "एका वर्षी तिच्याकडून भांड्यांचा साबण गेला होता. आम्ही सगळे प्यायलो, आणि बोललो की फेस यंदा छान आलाय." आणि डबी परत देताना, "थांबू. तीही थांबायचीच."

त्या रात्रीत केव्हातरी बुडबुडे सुरू झाले. सकाळी आईच मला उठवायला आली, "तुझी बिअर बोलायला लागली बघ." जिन्याखाली, चकलीच्या आणि शेवेच्या डब्यांशेजारी, दोन्ही बुधले गुडगुडत होते, वर फेसाची टोपी, आणि कपाटभर असा वास, की कुणीतरी जायफळ घालून वरणाला फोडणी दिली आहे. तो वास आठवडाभर हटला नाही. नवरा ऑफिसातून आला की कोट न काढता विचारायचा, "आज काय आमटी?" बाटल्या भरताना मी चमचाभर चाखली आणि मला काही ठरवता येईना. ती वाईट आहे, की मला वाईट वाटायला हवी म्हणून वाईट आहे? हे मी डायरीत असंच लिहिलंय. बाटल्यांवर पट्ट्या लावल्या, तुमच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला. "भोपळा" लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना, तेवढंच ठेवलं.

मधल्या दिवसांत रस्त्यातल्या घरांच्या पायऱ्यांवर इथल्या भुतांच्या सणाचे भोपळे आले, डोळे-तोंड कोरलेले. आई संध्याकाळी फिरून आली की हिशोब द्यायची, कुठला रडका, कुठला दात काढतोय. "दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात का? आपण दारात कोहळा टांगतो तसं?" म्हटलं, जवळजवळ तसंच. "आणि आतला गर?" टाकून देतात म्हटल्यावर ती दोन दिवस त्या पायऱ्यांकडे बघेना.

जेवणाचा रविवार कोरडा निघाला. आई रेशमी साडीवर नवऱ्याचं जाकीट आणि पायात माझे चिखलातले रबरी वेलिंग्टन बूट घालून, हातात घारग्यांचा डबा धरून रेडवेने चालत होती, आणि समोरून येणारा प्रत्येक जण तिला गुड आफ्टरनून म्हणत होता. शेडपुढे लांब टेबलं मांडलेली, लीकचा पाय (जाड पातीचा कांदा भरून भाजलेली मैद्याची मोठी करंजी म्हणा), बीटरूट, चीज, कुणाचा तरी सफरचंदाचा केक. शेजारी आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाटल्यांचा क्रेट त्यांनीच उचलून आणला आणि पहिली बाटली त्यांनीच उघडली. मी अशी जागा धरून उभी की त्यांचा चेहरा दिसेल आणि माझा त्यांना दिसणार नाही.

"लीक घातलंय का यात?" कुणीतरी विचारलं.

"नाही, नाही. धुरावलेलं चीज आहे."

"बिअरमध्ये चीज कोण घालतं?"

"तुझी बायको घालेल."

सगळे वाद घालत होते आणि पीत होते. शेजाऱ्यांनी एक घोट घेतला. ग्लास उजेडाकडे धरला. दुसरा घोट घेतला.

"हे तिचं नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. ग्लास खाली ठेवतील आणि घरी जातील.

"तिला हे आधी सुचलं नाही म्हणून ती दिवसभर माझ्याशी बोलली नसती," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी गुपचूप घातलं असतं." मग त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला, पायचा मोठा तुकडा वाढून घेतला आणि दोन बायकांच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि हिंग म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायला लागले. सगळं चुकीचं सांगत होते. मी दुरुस्त केलं नाही.

वळून बघते तर आईच्या हातात ग्लास.

"आई, तू?"

"का? भोपळ्याला माझा हात लागलेला नाही?"

तिने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. "गोवा," म्हणाली.

"काय गोवा?"

"गोव्याला अगदी अशीच लागली होती."

आणि तिने सांगितलं, बाबा. लीक पायच्या टेबलाशी, वेलिंग्टन बूट घालून, सगळं सांगितलं. मी तिसरीत असताना तुम्ही ऑफिसच्या कामाला म्हणून गेला होतात आणि मला मावशीकडे ठेवलं होतं. आईही बरोबर होती. ऑफिसच्या कामाला आई कशाला लागते, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि पुढेही कधी नाही. माझ्यासाठी शिंपल्यांचा कंगवा आला आणि मी खूश झाले. परक्या गावी जेवण कसं मिळेल कोण जाणे, म्हणून तुम्ही लिंबाच्या लोणच्याची बाटली बरोबर नेली होती. हॉटेलवाल्याने विचारलं, बिअर घेणार का, आणि तुम्ही आईकडे बघितलंत आणि आईने तुमच्याकडे. खोलीत ग्लास एकच, सकाळी त्यातच लोणचं काढलेलं. "धुतला मी, पण हिंग जातो होय? दोघांत एक बाटली. मग तुझे बाबा खाटेवर उभे राहून भाषण करायला लागले, साहेबांच्या अक्षरावर. मी उशी तोंडात धरून हसत होते, शेजारच्या खोलीत कळू नये म्हणून."

"मग ते परमिट रूम आलं की रस्ता का ओलांडायचे?"

"तिथे साहेब बसायचे ना रोज. माणूस दिसला की आत बोलवायचे, बस म्हणायचे, आणि रडगाणं सुरू. एकदा तुझे बाबा सापडले होते तावडीत. तेव्हापासून गटारातून जाईन पण तिथून जाणार नाही म्हणाले."

मी इतकी हसले की घारग्याचा तुकडा घशात अडकला आणि कुणीतरी पाणी आणून दिलं. इतकी वर्षं मी त्या गटारावर तोल सांभाळत होते, बाबा. तुम्ही साहेबांना चुकवत होतात. मला राग यायला हवा होता का, हे मी नंतर तपासून पाहिलं, माझी ती खोड तुम्हाला ठाऊक आहे. आला नाही. उलट तुम्ही खाटेवर उभे आहात हे मला दिसत राहिलं, आणि मी तुम्हाला कधी खाटेवर उभं असलेलं पाहिलेलं नाही, त्यामुळे तो एक माझा नवा दिवस झाला, तुमच्याबरोबरचा. माणूस गेल्यावरही त्याचे नवे दिवस मिळत राहतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टेबलं आवरायची वेळ झाली तरी शेजारी बसलेलेच होते. मी रिकाम्या बाटल्यांचा क्रेट भरला आणि त्यांना म्हटलं, "उचला." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि उचलला. घराशी आल्यावर मी म्हटलं, "ठेवा." ठेवला. येत्या शुक्रवारी क्विझला जाणार म्हणाले, हिंगावर एखादा प्रश्न आला तर आता उत्तर येतं.

आई वर झोपली आहे. एक बाटली उरली होती, ती आत्ता माझ्यापुढे आहे, निम्मी. पावसाळी अंधार आहे आणि पायाखाली गटार नाही, नुसती फरशी आहे. हे पत्र घडी करून बरणीत पेनांच्या मागे ठेवेन; पाठवायचं म्हटलं तरी कुठे. एक गोष्ट राहिली. शेजाऱ्यांना मी म्हटलं, सवयीने हात गेला. आईलाही तेच सांगितलं, आणि डायरीतही तेच लिहिलंय. सवयीने नव्हता गेला, बाबा. तुम्ही गेल्यापासून मी एकदाही लोणचं घातलेलं नाही. निखारा लाल होता, घरात कुणी बघत नव्हतं, आणि मला तो वास हवा होता.